‘नाही’ राउटरनं का म्हणावं?

सदर : सांगा की!

पत्राचा सारांश : कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला राहणाऱ्या एका वडिलांचं तीन पानी पत्र आलंय. वय 41, पुण्यातल्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम घरून करतात. पत्नी सकाळी साडेनऊला नोकरीला जातात, संध्याकाळी साडेसहाला येतात. घरात त्यांची आई आणि 12 वर्षांचा मुलगा. परीक्षा संपल्या संपल्या त्यांनी मुलाची सुट्टी एका शीटमध्ये बसवली. सकाळी कोडिंगचा ऑनलाइन क्लास, मग वैदिक गणित, दुपारी इंग्रजी वाचन, शिवाय रोज 8,000 पावलं, मनगटावरच्या घड्याळानं मोजलेली. टॅबला आणि जुन्या मोबाइलला नेट संध्याकाळी 5 ते 7, तेही घरच्या वायफायचा राउटरच चालू-बंद करणार. दहा दिवस शीटमधले सगळे चौकोन हिरवे होते. मग एका रात्री दीड वाजता ते पाणी प्यायला उठले, तर पोरगा चादरीत गेम खेळताना सापडला. चौकशीत तीन गोष्टी निघाल्या. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन त्यानं फोनची ओळख बदलली होती, त्यामुळे राउटरला तो फोन कुणा पाहुण्याचा वाटत होता. दिवसा तो आजीच्या फोनचं हॉटस्पॉट वापरत होता. आजीचा रोजचा दीड जीबी डेटा सकाळी दहालाच संपायचा आणि त्या ‘आज रेंज नाही’ म्हणून गप्प बसायच्या. तिसरी गोष्ट म्हणजे 8,000 पावलं आजीच चालत होत्या. खरं तर चालत नव्हत्या, नातवाचं घड्याळ हातात घालून पापड लाटत होत्या. वडिलांनी सगळी उपकरणं काढून घेतली. तीन दिवस मुलगा बोलत नाही. शेवटचं बोलला ते एवढंच, “तू मला सांगितलंच नव्हतंस. नुसतं बंद केलंस.” पत्नीचं म्हणणं, “तू स्वतः रात्री अकरापर्यंत स्क्रीनसमोर असतोस, त्याला कुठल्या तोंडानं सांगणार?” वडील विचारतात : राउटर आणखी कडक करू, महिनाभर सगळं बंद ठेवू, की सरळ गडहिंग्लजला मामाकडं पाठवून देऊ? टीममधल्या लोकांची मुलं सुट्टीत रोबोटिक्स करताहेत आणि हा हे करतोय. आज राउटरला फसवलं, उद्या मला फसवेल.

नमस्कार,

आधी कबुली देते. पापडाच्या ओळीवर मी मोठ्यांदा हसले. तुम्ही ती रागानं लिहिलीय हे कळत होतं, तरी हसू आवरलं नाही. मनगटावरचं घड्याळ पायांकडं बघत नाही, हाताच्या हेलकाव्यावरून पावलं धरतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. लाटण्याची मागं-पुढं लय त्याला चालण्यासारखी वाटली. पण उडदाचं घट्ट पीठ कधी लाटून बघा. 8,000 पावलं भरायला त्या माउलीनं खांदे किती मोडून घेतले असतील! घरात व्यायाम कुणी केला असेल तर तो त्यांनीच.

हसून झाल्यावर पत्र पुन्हा वाचलं, पेन्सिल घेऊन. सवय आहे, तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्यात. तुमच्या तीन पानांत ‘राउटर’ हा शब्द 17 वेळा आलाय. मुलाचं स्वतःचं वाक्य एकदा आलंय, आणि तेही तुम्ही ‘वर उलट उत्तर देतो’ असा शेरा मारून दिलंय. मला ते उलट उत्तर वाटलं नाही. तुमच्या अख्ख्या पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच आहे.

त्याच्याकडं येते. त्याआधी तुमचा ‘फसवलं’ हा शब्द जरा सोडवून बघू, कारण तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात.

फोनची ओळख बदलली, ही पहिली. अँड्रॉइड 10 पासून फोन वायफायला जोडताना आपला खरा हार्डवेअर पत्ता न देता बनावट पत्ता देऊ शकतो. आयफोनला ही सोय 2020 साली आयओएस 14 बरोबर आली. माणूस कुठं जातो-येतो याचा माग कुणाला काढता येऊ नये म्हणून ती दिलेली आहे. तुम्ही राउटरला सांगितलंत, ‘या पत्त्याला आत घेऊ नको.’ पोरानं पत्ता बदलला. तुमच्या कुंपणाला फट होती, त्यातून तो गेला. तुमच्या ऑफिसात एखाद्या नव्या पोरानं अशी फट काढून दाखवली असती तर तुम्ही त्याचं नाव मीटिंगमध्ये घेतलं असतंत. हे त्याला कुणी शिकवलं, की त्यानं स्वतः शोधून काढलं, हे विचारलंत का? पत्रात तरी नाही. मला विचाराल तर यात गुन्हा नाहीच. रात्री दीडपर्यंत जागणं ही काळजीची गोष्ट आहे, पण ती वेगळी.

घड्याळ आजीच्या हातात बांधणं, ही दुसरी. हे मात्र खोटं आहे. न चाललेली पावलं चाललो म्हणून दाखवली. पण त्याला रोज 8,000 पावलं चाल म्हणून कुणी सांगितलं आणि कुठं चालायचं हे कुणी सांगितलं? एप्रिलातलं कोल्हापूरचं ऊन 38-39 अंशांवर गेलेलं असताना कॉलनीच्या डांबरी रस्त्यावर एकट्यानं पावलं मोजत फिरायचं, हे 12 वर्षांच्या पोराला जमेल असं तुम्हाला वाटलं, याचं मला नवल वाटतं. तुम्ही आकडा मागितलात, त्यानं आकडा दिला.

आजीचा डेटा, ही तिसरी. माझ्या लेखी तिन्हींत जड हीच आहे, आणि पत्रात तुम्ही ती दीड ओळीत संपवलीत. म्हातारं माणूस रोज सकाळी दहानंतर फोन हातात धरून बसायचं, लेकीचा व्हिडिओ कॉल लागायचा नाही, आणि नातवाचं नाव बाहेर येऊ नये म्हणून रेंजला दोष द्यायचं. राउटरला काही वाटत नाही. आजीला वाटतं. शिक्षा करायचीच असेल तर ती इथं करा, आणि छोटी, नेमकी करा : त्यानं आजीची माफी मागायची, स्वतःच्या साठवलेल्या पैशातून आजीच्या फोनला एक जादाचा डेटा पॅक मारायचा, आणि आठवडाभर मावशीला, आत्याला, ज्यांना ज्यांना लावायचा त्यांना व्हिडिओ कॉल आजीला लावून द्यायचा. बाकीच्या दोन्ही गोष्टींवर बोलणं पुरेसं आहे.

आता त्याच्या त्या वाक्याकडं.

माझी एक गोष्ट सांगते. सुमारे 30 वर्षं झाली. आम्ही तेव्हा मंगळवार पेठेत राहायचो. मी शाळेत, मालकांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप. घरात शटरचा टीव्ही होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : लाकडी पेटी, पुढं सरकणाऱ्या पट्ट्यांचं दार, त्याला कडी-कोयंडा. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक दुपारभर टीव्ही बघेल म्हणून मी त्याला पितळी कुलूप घातलं आणि किल्ली तूरडाळीच्या डब्यात खुपसून ठेवली. वीस दिवस कुलूप जागच्या जागी होतं. एका रविवारी मालक टीव्हीसमोर बसले, बातम्या बघता बघता उठले, कोयंड्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, “ह्या स्क्रूच्या खाचेतला रंग उडालाय. रोज कोणतरी डिसमिस लावतंय.” अकरा वर्षांची आमची लेक दुपारी कोयंड्याचे दोन स्क्रू काढायची, कुलपासकट कोयंडा बाजूला ठेवायची, आणि मी यायच्या आधी पुन्हा पिळून ठेवायची. कुलपाला तिनं हातसुद्धा लावला नव्हता.

मी तिला मारलं. आज सांगायला लाज वाटते, पण मारलं. रात्री मालक म्हणाले, “कुलपाला काय कळतंय? तू तिला कधी सांगितलंयस का, का बघायचं न्हाई ते?”

नव्हतंच सांगितलं. कारण सांगायला गेले असते तर खरं कारण शोधावं लागलं असतं, आणि ते डोळे बिघडतील हे नव्हतं. शिक्षिकेची पोरगी दिवसभर टीव्हीसमोर असते असं गल्लीत बोललं जाईल, हे होतं. कुलूप लावण्याचा फायदा हाच की कारण सांगावं लागत नाही. ज्याच्यासाठी कुलूप लावलं त्यालाही नाही, स्वतःलासुद्धा नाही.

तुमचा मुलगा म्हणतोय ते हेच आहे. तुम्ही ‘नाही’ म्हणालाच नाहीत. राउटरला म्हणायला लावलंत. माणूस नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडता येतं, गयावया करता येतं, ‘अर्धा तास तरी’ म्हणून घासाघीस करता येते, आणि त्या घासाघिशीत आई-बापाला कशाची भीती वाटते ते पोराला कळत जातं. यंत्राशी घासाघीस होत नाही. यंत्राला एकच उत्तर असतं, फट शोधणं. ती त्यानं शोधली.

तेव्हा माझा पहिला प्रश्न तुम्हालाच. तुमचं खरं कारण काय? झोप हे असेल तर मी तुमच्या बाजूला आहे. पण पत्राच्या शेवटी टीममधल्या लोकांच्या मुलांचं रोबोटिक्स डोकावतंय, ते मला माझ्या गल्लीसारखं वाटतं. पुण्यातल्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं, ‘तुमचा काय करतोय सुट्टीत?’ तर सांगायला काहीतरी हवं. चुकीचं नाही ते, माणसाला वाटतं तसं. फक्त ते पोराच्या डोक्यावर शीट करून लादू नका.

तुम्ही विचारलेले तीन मार्ग बघू.

राउटर कडक करणं. करता येईल. ‘या फोनला बंद’ अशी यादी ठेवण्याऐवजी ‘एवढ्याच फोनना चालू’ अशी उलटी यादी करा, की पत्ता बदलूनही उपयोग नाही. मुलांच्या उपकरणांना वेगळं वायफाय नाव द्या. मग तो पुन्हा आजीच्या हॉटस्पॉटवर जाईल, तिथून हटवलंत तर मित्राच्या घरी. आणखी दोन वर्षं तुम्ही जिंकाल, मग तो 14 चा होईल. एवढा उपद्व्याप फक्त एका गोष्टीसाठी करण्याजोगा आहे, रात्रीसाठी. रात्री साडेदहा ते सकाळी सहा मुलांचं वायफाय बंद, आणि घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात एका डब्यात. सगळे म्हणजे सगळे. तुमचाही. ऑफिसचं काही जळत असेल तर उठा, सांगा, ‘अमुक काम आहे, अर्धा तास लागेल’, आणि बसा. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोर शाळेत आलं नाही तर महिना 1 रुपया दंड होता, आणि तो पोराला नव्हता, आई-बापाला होता. तुमच्या पत्नीचं म्हणणं याच्याच जवळचं आहे. ते टोमणा म्हणून ऐकू नका.

महिनाभर सगळं बंद ठेवणं. तीन दिवसांत काय झालं ते तुम्हीच लिहिलंय. त्याचे वर्गमित्र आता एकमेकांना भेटत नाहीत, त्या फोनमध्येच भेटतात. फोन काढलात की मित्रही काढलेत. शिवाय महिन्यानंतर फोन परत द्यावाच लागेल, आणि तेव्हा घरात नियम तोच जुना असेल, म्हणजे कुठलाच नसेल. आज संध्याकाळीच परत द्या.

मामाकडं पाठवणं. हे वाचून मला वाईट वाटलं. मामाच्या गावाला जाणं ही शिक्षा कधीपासून झाली? सुट्टीतली ती सगळ्यात मोठी चैन होती. पाठवा की, आठ-दहा दिवस पाठवा, पण बक्षीसही नको आणि तडीपारीही नको, नुसतं ‘मामा बोलावतोय’ म्हणून. एक अट घाला : विहिरीत किंवा नदीत उतरायचं ते पट्टीचं पोहणारं मोठं माणूस काठावर नव्हे, पाण्यात सोबत असताना, आणि कमरेला डबा बांधून. दर मे महिन्यात सुट्टीला आलेली पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. एवढा एक नियम कुलपासारखाच पक्का ठेवा.

तर मग करायचं काय? तुमच्या वेळापत्रकात मला सगळ्यात जास्त खटकलं ते 5 ते 7. नेट तेव्हाच का? तुम्ही लिहिलंय, ‘त्या वेळी माझे कॉल संपतात, लक्ष ठेवता येतं.’ म्हणजे वेळ तुमच्या सोयीची. पण आपल्याकडं उन्हाळ्यात पोरं घराबाहेर पडतात ती नेमकी 5 नंतर. ऊन कललेलं असतं, पश्चिमेचा वारा सुटतो, आणि प्रत्येक कॉलनीत एखाद्या मोकळ्या प्लॉटवर चपला मांडून गोलपोस्ट केलेले असतात. कोल्हापूर आहे हे, फुटबॉल नाही अशी गल्ली सापडायची नाही. अशा वेळी तुमचा पोरगा घरात, कारण दिवसभराचं नेट त्याला त्याच दोन तासांत मिळणार. त्याला खेळापासून तुम्हीच तोडलंत, आणि मग पावलं मोजायला घड्याळ दिलंत!

हे उलटं करा. 12 ते 4 ही उन्हाळ्यातली मेलेली वेळ आहे. बाहेर जाता येत नाही, आजी आडव्या झालेल्या असतात, तुमचे कॉल चालू. स्क्रीनचे दीड-दोन तास तिथं द्या, उघडपणे. 5 ला सगळं बंद, आणि पोरगा बाहेर, दिवेलागणीपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेनं स्क्रीनसाठी तासांचा आकडा दिलाय तो 5 वर्षांखालच्या मुलांसाठी. 5 ते 17 वयाला त्यांचं सांगणं आहे की बसून स्क्रीन बघणं आवाक्यात ठेवा, आणि दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी दमवणारी हालचाल होऊ द्या. दीड तास फुटबॉल खेळून आलेल्या पोराला रात्री दीड वाजेपर्यंत जागता येत नाही. घड्याळ लागत नाही त्याला.

क्लासचं थोडक्यात : तिन्हींतले दोन बंद करा. कुठले, ते त्याला ठरवू द्या. फी गेली तर गेली.

हा नवा नियम शीटमध्ये लिहून त्याला पाठवू नका. रात्री जेवणं झाल्यावर गच्चीत चटई टाका, तुम्ही दोघं आणि तो. फोन खाली ठेवून या. ‘तुला न सांगता बंद केलं, ते माझं चुकलं’ हे वाक्य आधी म्हणा, आणि त्याच्या पाठीला ‘पण’ लावू नका. मग त्याला विचारा, तू माझ्या जागी असतास तर काय ठेवलं असतंस. पोरं अशा वेळी स्वतःवर आपल्यापेक्षा कडक होतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे. त्यानं अर्धाच तास मागितला तर तुम्हीच तासभर करा. आणि कधी नाही म्हणायची वेळ आली तर त्याच्या तोंडाकडं बघून, तुमच्या आवाजात म्हणा. तो पाय आपटेल. आपटू दे.

आता माझ्या आवडीचा भाग. तुम्ही ओघात लिहून गेलाय की गच्चीवरच्या टाकीला अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवलाय आणि पाणी किती आहे ते मोबाइलवर दिसतं. ती टाकी त्याच्या ताब्यात द्या. सेन्सर त्यानं जोडावा वगैरे नाही, तपासावा. पहाटे सहाला आणि दुपारी दोनला झाकण उघडून सरळ काठीनं पाणी मोजायचं आणि मोबाइलवरचा आकडा बघायचा, बस. दुपारी मोबाइल काठीपेक्षा जास्त पाणी दाखवेल असा माझा कयास आहे. सेन्सर आवाज सोडतो, पाण्यावर आपटून तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. आवाजाचा वेग 20 अंशाला सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो, आणि तुमच्या कोडमध्ये बहुतेक हाच आकडा ठोकून बसवलेला असणार. पण उन्हात तापलेल्या टाकीच्या झाकणाखाली 40 अंश असतील तर तो वेग 355 च्या आसपास जातो. आवाज लवकर परत आला की सेन्सरला वाटतं पाणी जवळ आहे. एक मीटर खाली पाणी असेल तर साडेतीन सेंटिमीटरची चूक, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत दोनेक बादल्या. बापाचं यंत्र दुपारी खोटं बोलतं, हे पोरानं काठीनं पकडलं, तर त्या पोराच्या चेहऱ्यावर जे दिसेल ते बघायला तुम्ही तिथं असा. आणि कोड त्यालाच दुरुस्त करू द्या. तापमान मोजणारा छोटा सेन्सर फार महाग नसतो.

येत्या 6 किंवा 7 मेला दुपारी साडेबाराच्या सुमारास पाणी भरलेली बाटली गच्चीत सरळ उभी करून ठेवा. सावली बुडाखाली गडप होईल. कोल्हापूर कर्कवृत्ताच्या खाली आहे, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो; दुसऱ्यांदा येतो तो ऑगस्टात, पण तेव्हा ढगांतून कुठला दिसायला! साडेबाराच का, बाराला का नाही, हे त्याला काढू द्या : आपली घड्याळं 82.5 अंश रेखांशावर चालतात, आपण 74 अंशांच्या थोडं पुढं, आणि एका अंशाला 4 मिनिटं. पायात चप्पल घाला, स्लॅब पोळतो.

बघा, मीही तुमच्यासारखीच निघाले, सुट्टीत शिकवायला लागले. यातलं काहीच केलं नाही तरी चालेल. केलंत तर त्याला गुण देऊ नका आणि हिरवा चौकोन रंगवू नका. एखादी संध्याकाळ त्याला घेऊन खरी कॉर्नरला जा. तिथं कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा याच गावात, हातानं बनवला होता. बाहेरचं यंत्र बघून, उघडून, जुळवून. पोराला एवढंच सांगा, आणि भेळ खाऊन परत या. उघडून बघण्याची खोड या गावाला जुनी आहे.

आईंशी बोलताना सांभाळून. तुम्ही पत्रात ‘आईनंही साथ दिली’ असं लिहिलंय, जणू त्या टोळीत सामील झाल्या. त्यांनी पाहिलं की घरातलं एक माणूस सुट्टीत घामाघूम होऊन आकडे भरतंय, दुसरं दार लावून कॉलवर, तिसरं ऑफिसात. ‘सुट्टी हाय न्हवं लेकराला?’ असं त्या एकदा म्हणाल्या आणि तुम्ही हेडफोन काढला नाहीत, हेही तुम्हीच लिहिलंय. मेमध्ये त्या सांडगे-कुरडया घालतीलच. चिकाचं पातेलं गच्चीवर नेणं आणि वाळवणावरचे कावळे हाकणं हे नातवाचं काम होऊ द्या. कच्चा चीक खाऊन पोट बिघडेल, ते ठरलेलंच आहे.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन शब्द. ज्यांच्या घरी आजी नाही आणि आई-बाप दोघंही दिवसभर बाहेर असतात, त्यांना ‘गच्चीत बसून बोला’ एवढ्यानं भागत नाही, हे मला कळतं. अशांनी दुपारचा वेळ दोन-तीन घरांनी वाटून घ्यावा. आज तुमच्याकडं चार पोरं, उद्या आमच्याकडं. मुलाच्या हातात जो फोन असेल त्यावर पैसे पाठवायचं ॲप ठेवू नका, बँकेचे मेसेज येणारं सिम तर नकोच. आणि मूल आठवडेच्या आठवडे नीट झोपत नसेल, जेवणावरून उठून जात असेल, आवडते मित्र आणि खेळ सोडून बसलं असेल, फोन मागितला की हात उगारत असेल, तर हा सुट्टीचा प्रश्न राहिलेला नाही. आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या सरकारी नंबरवर फोन करा. तो दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला तसं काही दिसत नाही. तीन दिवस न बोलणारं मूल बोलायची वाट बघत असतं.

मेच्या दुपारी आभाळ एकदम काळं होतं, वारा सुटतो आणि वळीव येतो. आभाळ भरून आलं की, विजा कडाडायला लागायच्या आधीच, राउटरचा ॲडॉप्टर भिंतीतून काढून ठेवावा लागतो, नाहीतर जळू शकतो. फायबरच्या तारेतून वीज येत नाही, पण लाइटच्या तारेतून येते. आजवर हे काम धावत जाऊन तुम्ही करत असाल. यंदा त्याच्याकडं सोपवा.

तुमची,
सांगा की! वाली ताई